दोन महिन्यांचे कपडे

आखातात असताना अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या नावावर एकच गोष्ट होती. ऊद मेथाला आपल्या लोकांच्या हॉलमध्ये मराठी पुस्तकांचं एक कपाट होतं, त्याचं सभासद कार्ड. बाकी सगळं नवऱ्याच्या नावावर. घराचा करार त्याच्या नावावर, वीज त्याच्या नावावर, फोन त्याच्या नावावर आणि मीसुद्धा त्याच्याच नावावर, कारण माझा व्हिसा त्याच्या स्पॉन्सरशिपवर होता आणि पासपोर्टात शिक्का होता 'हाउसवाइफ'. भिशीला जमलो की आम्ही बायका यावर खूप हसायचो. नवरा रुसून निघून गेला तर त्याच्या मागोमाग फ्रिज, सोफा आणि बायकोही आपोआप निघून जाईल, असं मीच एकदा म्हणाले होते आणि सगळ्यांना ते फार आवडलं होतं.

तेव्हा मी त्याच्याबद्दल बोलताना 'हे' म्हणायचे. आता लिहिताना 'तो' लिहिते आहे. हात तसाच वळतो, त्याला माझा इलाज नाही.

जिच्याबद्दल हे लिहिते आहे त्या मुलीची आई माझी मैत्रीण होती. आमच्या समोरच्याच दारात राहायची. बोलकी, आळशी, हाताला चव असलेली बाई. आजारी पडली आणि वर्षाच्या आत गेली. मुलगी तेव्हा पहिलीत होती. बाप इमारतींना लागणारं सामान विकणाऱ्या एका कंपनीत सेल्समध्ये, दिवसभर गाडीवर. शाळेची बस मुलीला खाली सोडायची, वॉचमन तिला लिफ्टमध्ये बसवायचा आणि ती स्वतःच्या घराची बेल न वाजवता सरळ माझ्या घराची वाजवायची. जेवण, अभ्यास, टीव्ही सगळं माझ्याकडे. बाप रात्री येऊन झोपलेली पोर खांद्यावर टाकून समोर न्यायचा. त्यामुळे पुढे ती माझ्याकडे राहायला आली, असं म्हणणं तितकंसं खरं नाही. ती होतीच.

एका हिवाळ्यात संध्याकाळच्या वेळी शारजाच्या रस्त्यावर एक माणूस धावत रस्ता ओलांडताना मुलीच्या बापाच्या गाडीखाली आला आणि गेला. तिथे अशा वेळी चौकशी होईपर्यंत गाडी चालवणारा आतच राहतो. पुढे त्याला शिक्षाही झाली. पण त्या संध्याकाळी आम्हाला एवढंच कळलं की पोलिसातल्या दोन बायका दारात उभ्या आहेत आणि विचारतायत, मुलीचं इथे कोण आहे? मी म्हणाले, मी आहे. त्यांनी विचारलं, नातं काय? मी म्हणाले, शेजारी. ते काही त्यांच्या नियमात बसेना. आई नाही, बाप आत, तेव्हा रक्ताचं कोणी पुढे येईपर्यंत मूल सरकारी बालगृहात ठेवायचं, असा कायदा.

रक्ताचं माणूस होतं की. बापाचा सख्खा भाऊ शारजात अल नहदाला राहत होता, फार तर अर्ध्या तासाचा रस्ता, ट्रॅफिक नसेल तर. माझ्या नवऱ्याने तिथूनच त्याला फोन लावला. तो म्हणाला, "अहो, आमच्या हिचे दिवस भरत आलेत. वन बेडरूमचा फ्लॅट आमचा. आत्ता जरा अवघड आहे. बघू, इन्शाल्ला." माणूस सांगलीकडचा, पण नाही म्हणायचं असलं की अरबी बोलायचा.

मग ती गेली त्या बायकांबरोबर. शाळेचं दप्तर तेवढं उचललं तिने, कारण दुसऱ्या दिवशी कसलीशी टेस्ट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॅक्सी करून तिथे गेले. वाईट जागा होती असं मी म्हणणार नाही. स्वच्छ होती, भिंतींना पिवळा रंग, खेळणी भरपूर, बायका प्रेमळ. मुलगी एका खुर्चीवर पायात बूट घालून बसली होती. आदल्या दिवसापासून तिने बूट काढलेच नव्हते. मला पाहून उठली आणि विचारलं, "आर वी गोइंग नाऊ?" मी म्हणाले, "थांब जरा." ती परत बसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिथली अधिकारी बाई तिथलीच, काळा अबाया, गोल चेहरा, मोठ्याने हसणारी. हिंदी बोलायची ती अशी की कर्ता, कर्म, क्रियापद सगळे एकमेकांशी भांडल्यासारखे, पण तिला म्हणायचं ते बरोबर पोचायचं.

"रिश्तेदार किधर है?"

"काका है, मगर वो नहीं ले रहा।"

"तुम कौन है?"

"इसकी माँ की सहेली।"

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग समजावून सांगितलं. नातेवाईक नसेल तर घराशी जवळचं असलेलं कुटुंबही चालतं. बापाने हो म्हटलं पाहिजे, ती स्वतः येऊन घर बघणार, मधून मधून येत राहणार, मुलीला देशाबाहेर न्यायचं तर ऑफिसला विचारून. आणि सही घरातल्या पुरुषाची.

बापाने आतून हो पाठवलं. चार दिवसांनी बाई घर बघायला आली. फ्रिज उघडून बघितला, बाथरूम बघितली, आमच्या मुलाच्या खोलीतला पलंग हाताने दाबून बघितला. आमचा मुलगा तेव्हा पुण्याला इंजिनीअरिंगला होता, खोली रिकामीच होती. मी पोहे केले होते. ते खाल्ले, आणखी मागितले, हात पुसले आणि म्हणाली, "यल्ला, हजबंड किधर?"

हजबंडने त्या दिवशी हाफ डे घेतला होता आणि टायही लावला होता. त्याने सही केली. मी शेजारी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. खाली माझंही नाव घाला, असं म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही. ज्याच्या नावावर व्हिसा त्याची सही, हे तिथल्या बायकांच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की त्यात काही विचारण्यासारखं आहे असं वाटतच नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्या दिवशी माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला होता. खाली टॅक्सीपर्यंत बाईला पोचवून तो वर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. ते ओले डोळे खरेच होते असं मला अजूनही वाटतं, आणि तोच माझ्या रागाचा मोठा भाग आहे. तो पहिल्यापासून लबाड असता तर मी कधीच मोकळी झाले असते.

ती आमच्या मुलाच्या खोलीत झोपायची, भिंतीवरच्या क्रिकेटवाल्यांच्या पोस्टरखाली. महिन्याभरात तिला सगळ्यांची नावं आणि रन पाठ झाले. दिवसभर इंग्रजी बोलायची, चिडली की हिंदीत यायची आणि झोप अनावर झाली की मराठीत. भेंडी दिसली की, "मावशी, नॉट अगेन!" म्हणून कपाळाला हात लावायची, अगदी म्हाताऱ्या बाईसारखा. नवरा तिला गणित शिकवायचा. तिला 'मॅडम' म्हणायचा. संध्याकाळी ऑफिसातून आला की, "चला मॅडम, ग्रोसरी," म्हणून दोघं खाली जायचे आणि एकेक लबानची, म्हणजे तिकडच्या ताकाची, बाटली पिऊन यायचे. माझ्यासाठी कधी आणली नाही हो, मेल्यांनी. ती त्याला काका म्हणायची. रक्ताच्या काकाला म्हणायची 'शारजा अंकल'.

शारजा अंकल गणपतीला आले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. बायको, कडेवर तान्हं बाळ, हातात चॉकलेटचा डबा. जेवले व्यवस्थित. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून आम्ही निश्चिंत आहोत." हे त्यांचं निश्चिंत राहणं मी पुढे बराच काळ बघितलं. शुक्रवारी सगळ्या देशाला सुट्टी. एका शुक्रवारी तरी येऊन पोरीला फिरायला न्यावं, नाही.

अधिकारी बाई मात्र नेमाने यायची. मुलीला आत नेऊन दार लावून तिच्याशी एकटीशी बोलायची, मग बाहेर येऊन माझ्याशी. एकदा तिने सरळच विचारलं, आगे क्या? बापाची शिक्षा संपेपर्यंत पोर माझ्याकडे, असं मी सांगितलं. बाप सुटून स्वतः माझ्या दारात आला आणि तिला म्हणाला, चल, की मी तिचा हात त्याच्या हातात देईन. त्याच्याआधी दुसऱ्या कोणाच्या नाही. नवरा समोर बसला होता. त्याने मान हलवली. बाईने ते बघितलं, मीही बघितलं.

तुरुंगात मुलीच्या बापाला भेटायला नवरा आणि शारजा अंकल मिळून जायचे. मी कधी गेले नाही. "तुझं काय काम तिथे," असं नवरा म्हणाला आणि मलाही ते पटलं. मी डब्यात लाडू द्यायचे, ते आत जाऊ देत नाहीत म्हणून येताना त्या दोघांनी गाडीत खाल्लेले असायचे. त्या गाडीत लाडू खाताखाता माझ्या घरातल्या मुलीचं काय करायचं ते ठरलं. असं मी आता म्हणते. तेव्हा मी फक्त डबा घासला.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, जूनच्या शेवटी, नवरा जेवताना म्हणाला, "अगं, तिचे काका-काकू जुलैत इंडियाला चाललेत. मॅडमना घेऊन जातो म्हणतायत. आजीला बघायचंय नातीला. दोन महिने. शाळा उघडायच्या आत परत."

आखातात जुलै-ऑगस्ट म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. अर्धी बिल्डिंग रिकामी होते. ज्याला त्याला विचारतात, यंदा जाताय ना? आणि न जाणाऱ्या पोरांचे चेहरे बघवत नाहीत. मागच्या सुट्टीत ती गेली नव्हती, फ्लॅटमध्ये बसून खिडकीतून पार्किंग बघत होती. मला त्या वर्षी जाता येणार नव्हतं, कारण आमचा मुलगा परीक्षा देऊन आमच्याकडे येणार होता. तेव्हा हे बरंच झालं, असं मला वाटलं. तरी मी विचारलं, "ऑफिसची परवानगी?"

"ते मी बघतो. तू कशाला त्या उन्हात हेलपाटे घालतेस?"

घ्या. किती काळजी माझी.

बॅग मीच भरली. दोन महिन्यांची भरली. सुती फ्रॉक, कारण सांगलीच्या घरी एसी नसणार. पावसात लवकर वाळतील असे दोन पंजाबी ड्रेस. एक जरीचा परकर, कुठे जायचं झालं तर. हॉलिडे होमवर्कच्या वह्या, रंगपेटी. आजीसाठी खजूर, बदाम आणि गुडघ्याला लावायचं तेल. तिची स्वतःची एक अट होती, शाळेचे बूट इथेच ठेवायचे. तिने ते पॉलिश केले, त्यांत मोजे कोंबले आणि पलंगाखाली ठेवले. "फॉर सप्टेंबर," म्हणाली. स्वेटर मी कपाटाच्या वरच्या फळीवरच राहू दिला. सुट्टीला स्वेटर कोण देतं?

निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने कपाटातून तिचा जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड काढून घेतलं. तिकडे डॉक्टर-बिक्टर लागला तर, म्हणाला. मी म्हणाले, "जन्मदाखला बघून कुठला डॉक्टर गोळी देतो?" तो म्हणाला, "असू दे गं, तिच्या काकूने मागितलंय." मी हसले आणि बॅगेची चेन लावली. आता वाटतं, एवढी जिभेची तलवार असलेली बाई मी, बरोबर नको तिथे हसले.

विमानतळावर काकू बाळाला घेऊन, अंकलच्या ट्रॉलीवर सामानाचा डोंगर. टीव्ही होता, मिक्सर होता, बाळाचा पाळणासुद्धा पॅक करून घेतला होता. दोन महिन्यांसाठी पाळणा कोण नेतं, हा प्रश्न माझ्या मनात आला होता, पण मुलगी माझा हात ओढत होती आणि तिला शेवटचं टॉयलेटला जायचं होतं. मी तिला घेऊन गेले. परत आलो तेव्हा नवरा ट्रॉलीच्या चाकाकडे बघत उभा होता. ती त्याला म्हणाली, "काका, डोन्ट ड्रिंक माय लबान." त्याने "नाही, नाही," म्हटलं, पण मान वर केली नाही.

ऑगस्टभर मी दर शुक्रवारी फोन लावला. कधी ती झोपलेली असायची, कधी देवळात, कधी शेजारी खेळायला गेलेली. एकदा काकू म्हणाली, "इतका फोन नका करू, मग तिला करमत नाही." नवरा म्हणाला, "राहू दे ना तिला जरा मोकळं." आमचा मुलगा आला होता, तो त्याच्या खोलीत आरामात पसरला होता. मी त्याला म्हणाले, "अरे, ती यायच्या आत तुझा पसारा आवर." तो म्हणाला, "मॉम, रिलॅक्स." त्यालाही माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

शाळा उघडायला आठवडा राहिला तेव्हा मी वह्यांना घालायला ब्राऊन पेपर आणि लेबलं घेऊन आले. दुपारी बेल वाजली. दारात अधिकारी बाई, हातात खजुराचा डबा, सोनेरी कागदात बांधलेला. मी म्हणाले, "अरे, आज? बच्ची तो अभी इंडिया में है।" तिने मला मिठी मारली. सोफ्यावर बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मैं शुक्रिया बोलने आया। तुम बहुत अच्छा औरत। फाइल बंद किया हम, तो मैं सोचा, मदाम को मिलेगा।"

"कौनसी फाइल?"

ती बोलत राहिली. मुलीच्या बापाने आणि काकाने मिळून मागणी केली. आजी तिकडे एकटी आहे, काकू बाळाला घेऊन कायमची इंडियात राहायला गेली, मुलगी तिच्याबरोबर राहील. इथे ज्याची सही तो राजी, मग ऑफिसची काय हरकत? मुलीचा व्हिसा कॅन्सल झाला, खलास. ती हे सगळं आनंदाने सांगत होती, कारण तिच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट होती. घरच्यांनी मूल परत मागितलं, यापेक्षा चांगलं ते काय?

"लेकिन मुझे क्यों नहीं पूछा?"

तिचं हसू जरा थांबलं. "हजबंड बोला, मदाम ही बोलती है। मदाम थक गया, अब नहीं होता मदाम से। उसको सामने मत पूछो, वो रोएगा।"

मी मान आडवी हलवली. म्हणाले, "मैं नहीं थकी।"

तिने माझा हात सोडला नाही. पण चेहरा बदलला. तिलाही फसवलं होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. मग ती एवढंच म्हणाली, "बच्चा को भी यही बोला है, मदाम। मैं खुद सुना। वो पूछा मुझको, मावशी ठीक हो जाएगा?"

म्हणजे निघायच्या आधीच मुलीला सांगितलं होतं. ती बूट पॉलिश करत होती तेव्हा तिला माहीत होतं की मावशी थकली आहे. आणि माझ्या नवऱ्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं की हे मावशीजवळ बोलायचं नाही. पोर शब्दाला पक्की. एक अवाक्षर बोलली नाही माझ्याजवळ.

दुपारच्या सुट्टीत नवरा जेवायला घरी यायचा. त्या दिवशीही आला. मी त्याला जेवू दिलं, हे का केलं मला सांगता येणार नाही. आमटी वाढली, भात वाढला. टेबलावर खजुराचा डबा होता. त्याने तो बघितला आणि त्याच्या लक्षात आलं.

"ती बाई येऊन गेली," मी म्हणाले.

तो घास घेऊन थांबला. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं, तर तू सोडलं असतंस का?"

पुढे तो बरंच काही बोलला. आपण आता पन्नाशीला टेकलो. बाप सुटला की त्याला इथे कोण ठेवणार आहे, तोही तिकडेच जाणार. मुलगी मोठी होतेय. उद्या काही झालं तर लोक आपल्यालाच विचारतील. आपल्याही मुलाला घर हवं की नको? शेवटी रक्ताची माणसं ती. यातलं बरंचसं खरं होतं, हे मी त्या दुपारीही नाकारलं नाही. ती जाणारच होती कधीतरी, एवढी मूर्ख मी नव्हते. पण तू मला विचारलं असतंस तर काय झालं असतं? मी भांडले असते. आकाशपाताळ एक केलं असतं, भांडी आपटली असती, तुझ्याशी महिनाभर बोलले नसते. आणि मग मी तिची बॅग नीट भरली असती. स्वेटर घातला असता. तिच्या आईचा फोटो आणि आईची ती अबोली रंगाची साडी, जी मी तिच्या लग्नापर्यंत जपून ठेवायची कबूल केली होती, ती तिच्या हवाली केली असती. तिला समोर बसवून सांगितलं असतं की तू जातेस ते कोणाला नकोशी झालीस म्हणून नाही. एवढंही करू दिलं नाही त्याने मला. दोन महिन्यांचे कपडे माझ्या हातांनी भरून घेतले आणि माझ्याच नावाने तिला घालवून दिली.

हे सगळं मी त्याला बोलले की नुसतं मनात म्हणाले ते आता आठवत नाही. केसाने गळा कापणं म्हणतात, ते मी आयुष्यभर ऐकलं होतं, वापरलंही होतं. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच हातची आमटी खाता खाता कोणी माझा कापेल, असं वाटलं नव्हतं.

अधिकारी बाईला मी जाऊन भेटले. तिने फाइलमधला कागद पुढे ठेवला नाही, नुसते रिकामे हात दाखवले. माझी सही कुठेच नव्हती, तेव्हा माझी तक्रारही कुठे बसेना. साडी, फोटो आणि स्वेटर मी कोणाबरोबर तरी सांगलीला पाठवले. पोचल्याचा निरोप आला नाही.

दिवाळीत मी हट्टाला पेटले. भाऊबीजेला, सकाळीच, इंडियाला फोन लावायचं कार्ड घेऊन फोनपाशी बसले आणि काकूला म्हणाले, "ती देवळात असेल तर मी धरून ठेवते, झोपली असेल तर उठवा. आज मी बोलल्याशिवाय ठेवणार नाही." नवरा मागे उभा होता. सणाचा दिवस, नवा शर्ट घातलेला.

ती आली फोनवर. आवाज जरा मोठा झाला होता, किंवा मला तसं वाटलं.

"हॅलो, मावशी? आर यू स्टिल टायर्ड?"

ती घाईघाईने बोलत होती, कोणी फोन काढून घेईल अशी भीती असल्यासारखी.

"मावशी, आय कट माय हेअर. बॉय कट. रोज सकाळी वेणी घालायची ना तुला, दोन-दोन, म्हणून यू वर गेटिंग टायर्ड. नाऊ नो वेणी. आणि भेंडी पण खाते मी. आता येऊ?"

"मी थकले नव्हते गं," मी म्हणाले. "कधीच थकले नव्हते."

तिच्या मागे फटाक्यांचे आवाज येत होते.

"देन व्हाय?" तिने विचारलं.

मी वळले आणि रिसीव्हर नवऱ्याच्या हातात कोंबला. म्हणाले, "तुम्ही सांगा. मला नाही माहीत, तुम्हाला माहितेय. सांगा तिला."

त्याने रिसीव्हर कानाला लावला. माझ्याकडे बघितलं. मी हातभर अंतरावर त्याच्यासमोर उभी होते, अंघोळ करून, नवी साडी नेसून, धडधाकट.

"मॅडम," तो म्हणाला, "मावशीला अजून बरं नाहीये, बाळा. तू तिकडेच राहा."